दीडच्या खाली

आधीच सांगतो, खरी लांबी नऊ फूट.
सत्तावीस मेगाहर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सा,
त्यात माझं काही चालत नाही, तुमचंही नाही.
पण नऊ फुटांची काठी डोक्यावर घेऊन
चिंचवडच्या पुलाखालून कोण जाणार?
म्हणून तार गुंडाळायची,
चार फुटांत नऊ फूट बसवायचे,
जशी निगडीच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसवली आम्ही
पाच माणसं आणि एक शिलाई मशीन.
बसतं. आवाज थोडा कमी लांब जातो, एवढंच.

ट्रान्सपोर्टनगरात सकाळी ते दोघे आले.
ट्रेलरचं नुसतं मुंडकं आलं होतं,
धड चाकणला, पवनचक्कीच्या पात्याखाली.
मुंडकं हणमंत घुल्यांचं.
पुढे पायलट व्हॅन, पांढरी, वर पिवळा दिवा,
सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच.
ती त्यांच्या जावयाची.

घुले म्हणाले, त्याला सांगा, घाटात मोबाइल मरतो.
जावई म्हणाला, त्यांना विचारा, आपल्याला काय कळत नाही का.
दोघांत तीन हातांचं अंतर, मध्ये मी,
हातात पाना.

केबिनचं छत फायबरचं.
फायबरवर अँटेना म्हणजे कुंडीशिवाय तुळस.
मग आरशाचे दांडे हलवून पाहिले,
डावा खुळखुळत होता, उजवा धरला.
रंग खरवडला, लोखंड पांढरं दिसेपर्यंत.
रंगावर कसलेला बोल्ट दिसतो घट्ट,
वीज त्याला ओळख देत नाही.
बुडाशी स्प्रिंग: फांदी लागली की वाकायचं,
फांदी गेली की उभं राहायचं.

व्हॅनला मी म्हटलं, छताला मधोमध भोक पाडू.
जावयाचा चेहरा असा झाला
की मी ड्रिल परत पेटीत ठेवलं.
दोनच हप्ते भरलेत, म्हणाला.
ठीक आहे, मग चुंबक.
पण मधोमधच. कडेला ठेवलास
तर एकाच बाजूशी धड बोलेल.
आणि रोज पुसायचं खालून,
नाहीतर धूळ रंगावर गोल कोरते.
वायर दाराच्या रबरातून, जिथे दार चावणार नाही.

माझा डावा कान भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये राहिला,
उजवा अर्धा घेऊन आलो.
म्हणून मी सुईवर विश्वास ठेवतो.
मीटर लावलं, बटण दाबलं, सुई तीनवर.
म्हणजे रुपया पाठवला
की चार आणे परत तुमच्याच घशात.
वरच्या चॅनेलला जास्त, खालच्याला कमी,
म्हणजे काठी लांब झाली.
टोपी काढली, तार कापली, अर्धं सूत.
पुन्हा मीटर. पुन्हा अर्धं सूत.
कापलेलं परत जोडता येत नाही,
हे मी वस्तादाकडे शिकलो,
एक अँटेना घालवून, एक कानफटात खाऊन.
(उजव्या. तोच अर्धा.)
अडीच. दोन. एक पूर्णांक आठ.
चहा आला, निवला.
मग दीडच्या खाली.
रुपयात चार पैसेसुद्धा परत नाहीत.
यापेक्षा चांगलं मी माझ्या घरातही पाहिलेलं नाही.

व्हॅन भक्ती-शक्ती चौकाकडे गेली.
घुले केबिनमध्ये, माइक तोंडापाशी,
बटण दाबून गप्प.
सुई हलली नाही, माणूस हलला.
मग ओठ हलले.
मी जुलेखाला विचारलं, काय चाललंय?
ती वायरची टोकं सोलत होती, मान वर न करता म्हणाली,
व्हॅनवाला सांगतोय, चौकात केबल लोंबतेय, चौदा फुटांवर,
डावीकडून या.
आणि घुले?
म्हणाले, बरं.
एवढंच?
एवढंच. नंतर म्हणाले, जेवलास का.

पैसे मोजून दिले, पन्नास कमी.
मुंडकं वळलं,
काठी माझ्याच शेडच्या पत्र्याला लागली,
वाकली, उभी राहिली.
पत्रा वाजला.
तेवढं मला ऐकू आलं.